हनुवटीवरचे ठिपके

शिंदे मॅडमनी नाचातल्या भाविकाची हनुवटी चिमटीत धरली आणि आयब्रो पेन्सिलीने पहिला ठिपका काढला.

“अंबूबाई, जरा उजेडात या. हां, अशाच उभ्या राहा.”

भाजीची पाटी भिंतीशी टेकवून अंबूबाई वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या. खरं तर त्यांना तक्रार ऐकायला बोलावलं होतं. त्यांच्या लेकीने, दिशाने, म्हसाच्या जत्रेत मनगटावर स्वतःचं नाव गोंदवून घेतलं म्हणून मॅडमनी तिला नाचातून काढलं होतं. पण अंबूबाई आल्या आणि मॅडमना त्यांच्या हनुवटीवर गोंदलेले हिरवे ठिपके दिसले. शाळेच्या संमेलनात भातलावणीचा नाच. त्याला अस्सल गावाकडचा लुक नको का? झालं! तक्रार बाजूला आणि पेन्सिल बाहेर.

दिशाचे कान रागाने तापले. पुढच्या रांगेतली जागा तिने घाम गाळून मिळवली होती. आणि केलं काय तिने? घरातल्या हंड्यावर आजोबांचं नाव, ताटांवर बाबांचं, नव्या कुकरवरसुद्धा काकाचं. आपल्या नावाचं काहीतरी एक असावं, एवढंच तिला वाटलं होतं.

“मॅडम, माझं चालत नाही आणि हिचं चालतं?”

“हिचं पुसता येतं.”

“मग माझ्या आईचं?”

मुली फिसकन हसल्या.

“आगाऊपणा पुरे. अंबूबाई, तुम्हाला छानच दिसतं हो. पण शिकणाऱ्या मुलीला शोभतं का? समजवा हिला.”

जत्रेपासून अंबूबाई लेकीशी धड बोलल्या नव्हत्या. त्या पुढे आल्या तशी दिशाने मनगट पाठीमागे नेलं. त्यांनी ते ओढून घेतलं आणि अक्षरांवरून अंगठा फिरवला.

“दुखलं का गो?”

“थोडंसं.”

“धरलं व्हतं कोनी?”

“नाय. मीच हात पुढं केला.”

अंबूबाईंनी तिचं मनगट सोडलं.

“मला दोघींनी धरलेलं. तिसरी छातीवर बसली. गोंदलं नाय तर सासरी कोन हातचं पानी पेनार नाय, म्हनं. वरडले तर तोंड दाबलं.” त्या मॅडमकडे वळल्या. “याला छान नका म्हनू, बाई. आन् हिनं आपल्या मर्जीनं केलंय. हिला मी काय समजवू?”



अंबूबाईंनी पदर हनुवटीवरून घट्ट ओढून घेतला, पाटी डोक्यावर चढवली आणि त्या बाजाराच्या रस्त्याला लागल्या.

दिशा जाऊन आपल्या जागेवर उभी राहिली. तिला कोणी बाहेर हो म्हणालं नाही.

“मॅडम,” भाविका हनुवटी वर करून तशीच थांबली होती, “दुसरा ठिपका?”

मॅडमनी पेन्सिलीचं टोपण शोधायला सुरुवात केली.