छताला चिकटलेलं अंडं

ड्रायव्हरकाकांनी उभी हयात शहरातली बस चालवली, पण कुणाच्या आरशाला साधा ओरखडा येऊ दिला नाही. आणि निवृत्तीनंतर, स्वतःच्याच स्वयंपाकघरात, एका अंड्याने त्यांची पार अब्रू काढली. उकडलेलं अंडं गार झालं म्हणून काकांनी ते सालासकट मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं. फट्‌कन आवाज झाला, दार आपोआप उघडलं आणि आतल्या छतापासून काचेच्या ताटलीपर्यंत जिकडेतिकडे अंडंच अंडं झालं.

एरवी काकांनी दार लोटून दिलं असतं आणि शीळ घालत गॅसवर चहा ठेवला असता. पण दुपारी लेक यायची होती. ती हॉस्पिटलात नर्स, शिस्तीची एकदम कडक. फोनवर तिने आधीच बजावलं होतं, "बाबा, मी सगळं घर बघणार. तुमचं एकट्याचं नीट चाललंय असं दिसलं तर राहा. नाहीतर बॅग भरायची आणि माझ्याबरोबर निघायचं."

काकांना जायचं नव्हतं. लेकीवर जीव होता, जावईही गुणाचा होता, पण हे घर त्यांचं होतं. सकाळी खिडकीत उभं राहून वळणावरच्या बस बघायच्या, नव्या ड्रायव्हरांच्या ब्रेक मारण्याला नावं ठेवायची, मग कोपऱ्यावर जुन्या कंडक्टरबरोबर चकाट्या पिटायच्या. हे सोडून लेकीकडे सातव्या मजल्यावर पाहुण्यासारखं कोण बसणार?

त्यांनी बाह्या सरसावल्या आणि तारेची घासणी उचलली. तेवढ्यात शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनी वाटी परत द्यायला आल्या, त्या दारातूनच ओरडल्या.

"अहो भाऊजी, चरे पडतील ना! भांड्यात पाणी घ्या, त्यात लिंबू पिळा, सालंही टाका, आणि आत ठेवून चांगलं उकळू द्या. मग लगेच दार उघडायचं नाही. वाफेला तिचं काम करू द्या."

"वाफेने हे निघेल? सिमेंट झालंय त्याचं."

"निघतं की नाही बघा. आणि पुसायच्या आधी प्लग काढा, नाहीतर अंड्यापाठोपाठ तुम्ही!"

वाफेने खरंच कमाल केली. मघाशी हटून बसलेलं अंडं ओल्या फडक्याबरोबर मुकाट निघून आलं. छत पुसायला काकांना मान वाकडी करून डोकं जवळजवळ आत घालावं लागलं. ताटली आणि तिच्याखालची चाकांची कडी त्यांनी साबणाने धुतली, आणि हाताला सवयच ती, चाकं फिरवूनही पाहिली. दाराच्या फटीतला पिवळा बलक जुन्या टूथब्रशने काढला. मग असा काही हुरूप आला की बटणं पुसली, पाठ पुसली, वायरसुद्धा पुसली.

लेक आली ती चपला काढून थेट स्वयंपाकघरात शिरली. मायक्रोवेव्ह तिनेच घेऊन दिला होता. तिने दार उघडलं, आत वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"बाबा, हा तर कोरा करकरीत आहे. तुम्ही यात कधी काही गरमच करत नाही?"

"करतो की."

"डाग नाही, वास नाही. हॉस्पिटलात रोज बघते मी, एकटी माणसं बिस्किटांवर दिवस काढतात आणि फोनवर 'जेवलो' म्हणून सांगतात. कुठंय तुमची बॅग?"

काका कात्रीत सापडले. गप्प राहावं तर उपाशी ठरणार, खरं सांगावं तर वेंधळे. शेवटी त्यांनी खरं सांगितलं.

"सालासकट?" लेकीने विचारलं.

"सालासकट. छतापर्यंत गेलं."

लेक हसत हसत खाली फरशीवरच बसली. पण डोळे पुसत म्हणाली, "मी हसले म्हणून सुटलात असं समजू नका. आज अंडं फुटलं, उद्या काय?"

काका आत गेले आणि कपाटावरची बॅग काढू लागले. आता संपलंच, असं त्यांना वाटलं आणि फार वाईट वाटलं.

इतक्यात स्वयंपाकघरातून टप्प, टप्प असे आवाज यायला लागले. लेकीने येताना आणलेला टोमॅटोचा रस्सा गरम करायला ठेवला होता, तोही उघडाच. काका बॅगेसकट धावत आले.

"बंद कर! आधी बंद कर ते! झाकण ठेवायला काय झालं होतं? एवढा वेळ नुसती उभीच आहेस ना? सकाळपासून मान मोडून चकाचक केलंय मी! नर्स म्हणे! पेशंटचं तरी बघतेस का नीट?"

लेक झाकण हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिचे डोळे भरून आलेले पाहून काका चपापले.

"अगं, लागलं का तुला? मी आपलं सहज..."

"नाही हो बाबा," लेक म्हणाली. "आई गेल्यापासून तुम्ही फोनवर नुसतं 'हो' आणि 'बरं' म्हणत होतात. मी किती घाबरले होते. आज पहिल्यांदा ओरडलात."

तिने त्यांच्या हातातून बॅग घेतली आणि टाचा उंचावून पुन्हा कपाटावर ठेवून दिली.