दहाच्या दहा बाटल्या

"पडद्याकडे बघू नका. खांद्याकडे बघा." बाबांना व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओ मॅडम दारात चपला घालता घालता मला म्हणाल्या होत्या. मी "हो हो" म्हटलं आणि दार लावून घेतलं. कडेवर माझी लेक ठमी रडत होती, कुकरची शिट्टी होत होती, आणि बाबा आतल्या खोलीत त्या गेमसमोर शांत बसले होते. घरातलं एक माणूस तरी शांत बसलंय, एवढंच त्या वेळी मला दिसलं.

बाबा म्हणजे माझे सासरे. शाळेत खेळाचे शिक्षक होते. आवाज असा, की मैदानाच्या त्या टोकाला लपलेलं पोरगंही आपणहून रांगेत येऊन उभं राहायचं. निवृत्तीनंतरही गळ्यातली शिट्टी उतरली नव्हती. माझ्या नवऱ्याला आणि दिराला जेवायला बोलवायचं तर हाका नाहीत, शिट्टी. ठमी झाली तेव्हा दवाखान्याबाहेर तीच शिट्टी वाजवून त्यांनी रखवालदाराची बोलणी खाल्ली होती. अशा माणसाला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लोंबता राहिला, जीभही जराशी जड झाली.

मॅडमनी सांगितलं होतं, सुरुवातीचे महिने सोन्याचे. हात जितका वर न्याल, जितका वापराल, तितका तो परत येईल. पण तोच तो व्यायाम करायला बाबा तयार नसत. "शाळेतल्या पोरांना कवायत नको असायची, ते आत्ता कळतंय," म्हणायचे. मग भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, आपला जुना गेमिंग कन्सोल काढला. हातात दांडीसारखा रिमोट धरायचा, मनगटाला त्याचा पट्टा अडकवायचा आणि हात मागून पुढे झोकायचा, की पडद्यावरचा चेंडू घरंगळत जाऊन पांढऱ्या पिना पाडतो. बाबा त्यांना बाटल्या म्हणत. मॅडमना कल्पना आवडली. फक्त जाताना ते खांद्याचं सांगून गेल्या.

पहिले काही आठवडे एकही बाटली पडली नाही. चेंडू कडेच्या खाचेत. पुन्हा खाचेत. बाबा रिमोट गादीवर आपटायचे. आणि मग अचानक बाटल्या पडायला लागल्या. आधी दोन-तीन, मग पाच-सहा, मग एका दुपारी दहाच्या दहा! पडद्यावर टाळ्या, फटाके, आणि इकडे डाव्या हाताने शिट्टी धरून बाबा ती जीव खाऊन वाजवतायत. नवरा ऑफिसातून आला की बूट काढायच्या आधी विचारायचा, "आज किती?" नातेवाइकांना फोनवर खबर जायची, "हात मस्त सुधारतोय, आता तर सगळ्याच्या सगळ्या पाडतात." भाऊजी बाजूला उभे राहून गालातल्या गालात हसायचे. मला वाटायचं, वडील बरे होतायत म्हणून हसतायत.

मग एक दिवस नवरा म्हणाला, "आता मॅडमची काय गरज? गेमच सगळं करून घेतोय." बाबा म्हणाले, "अरे, मी तर आता त्यांनाच हरवीन." सगळे हसले. मीही. मॅडमचं येणं थांबलं.

त्यानंतर काही दिवसांनी झालं ते असं. ठमीला लस टोचून आम्ही घरी आलो. मी जिन्यात दोन पायऱ्या मागे, पिशवी घेऊन. नवऱ्याच्या एका हातात ठमी, दुसऱ्या हाताने तो किल्ली शोधतोय. आवाज ऐकून बाबांनी आतून दार उघडलं. "दे तिला इकडे. बघ तरी, आजोबाचा हात कसा झालाय." आणि नवऱ्याने दिली. उजव्या हातावर दिली! तो हात ओल्या टॉवेलसारखा खाली गेला. बाबांना कळलं, आणि पोरीला खाली पडू न देता ते स्वतःच तिच्याखाली कोसळले, पाठीवर, उंबऱ्यातच. तरी ठमीचं कपाळ चौकटीवर आपटलंच. तिचं रडणं ऐकून शेजारची दारं उघडली. बाबा मात्र पडल्या पडल्या आपल्या हाताकडे बघत होते. विश्वासातल्या माणसाने दगा दिल्यावर बघावं तसे.

"पाय घसरला असेल," नवरा म्हणाला.

"फरशी पुसलेली होती वाटतं," आतून धावत आलेले भाऊजी म्हणाले.

फरशी कोरडी ठणठणीत होती आणि पाय घसरलाच नव्हता. मी बघितलं होतं. पण म्हटलं तर "तुझं म्हणजे सगळ्यात काहीतरी," हे ठरलेलं. बाबा त्या दिवसापासून ठमीला जवळ घेईनात. ती "आब्बा, आब्बा" करत दोन्ही हात वर करून समोर उभी राहायची, आणि ते डाव्या हाताने तिच्या डोक्यावर थोपटून म्हणायचे, "आईकडे जा, बाळा." गेम मात्र खेळायचे. तेवढ्यातच काय ते जिंकणं उरलं होतं.

खरं काय ते शेवटी ठमीनेच उघडकीला आणलं. बाबा आंघोळीला गेले होते, गेम चालूच राहिला होता. मी खाली बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. ठमीने रिमोटचा पट्टा धरला आणि कुत्र्याचं पिल्लू फिरवावं तसा रिमोट फरशीवरून ओढत निघाली. पडद्यावर चेंडू सुटला, सरळ रेषेत गेला आणि दहाच्या दहा बाटल्या आडव्या. टाळ्या. फटाके. ठमी दचकून मटकन बसली. तिच्या बसण्याने आणखी दहा पडल्या.

मी रिमोट उचलला. हात मांडीवरच ठेवला आणि बोटावरचं पाणी झटकावं एवढंच मनगट हलवलं. दहा. चेंडू सोडताना बटण दाबायचं असतं, तेही दाबलं नव्हतं. मी शिंकले असते तरी पडल्या असत्या!

भाऊजी घरी आले तशी मी त्यांना दारातच गाठलं.

"भाऊजी, ह्या कन्सोलला काय केलंय?"

"का गं वहिनी? अडकतोय का?"

"तेच तर. काहीच अडकत नाहीये."

त्यांना एकदम हसू फुटलं. "कळलं तुला? मानलं हां!" आणि शाबासकी मिळणार अशा थाटात सांगत बसले. कन्सोल त्यांनी फार पूर्वीच फोडलेला होता, म्हणजे कंपनीने घातलेलं कुलूप काढून. मेमरी कार्डावरून हवं ते चालवता येतं. त्यात ह्या गेमची फाइल घेऊन, हात किती हलला की किती मोजायचं, तो आकडा बदलला. बोटांत जोर नाही म्हणून बटणही काढून टाकलं. "आणि एकदम नाही हां वाढवलं. दर आठवड्याला थोडं थोडं. म्हणजे कसं, खरं वाटायला पाहिजे ना."



"म्हणजे बाबांचं बरं होणंसुद्धा तुम्हीच तयार केलंत?"

"अगं, रडायचे ते! मी बघितलंय. तू स्वयंपाकघरात असायचीस. रिमोट टाकायचे आणि भिंतीकडे तोंड करून रडायचे. मला नाही बघवलं."

हे खरं असणार, ते मी नाकारत नाही. पण रडणाऱ्या माणसाचा हात धरून वर न्यायला दहा मिनिटं लागतात. भाऊजींनी रात्र रात्र जागून आकडे बदलले, पण ती दहा मिनिटं काढली नाहीत. मी त्यांना म्हटलं, त्या हाताला काय शिकवलंत, ठाऊक आहे? कमी हललं तरी भागतं, हे शिकवलंत. बाबा आधी खांद्यातून हात झोकायचा प्रयत्न तरी करत. खाचेत गेला तरी तो खरा झोका होता. मग कोपरातून. मग नुसतं मनगट. रोज आमच्या डोळ्यांदेखत हात लहान होत गेला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

नवरा आला. ऐकलं. कपाळाला हात लावून बसला आणि म्हणाला काय, तर, "त्याचा हेतू चांगला होता गं."

"हेतू चांगला होता म्हणून ठमीचं टेंगूळ कमी सुजलं का?"

"बाबांना सांगू नकोस. खचतील."

"मी करतो ना," भाऊजी घाईने म्हणाले. "जसं वाढवलं तसं हळूहळू कमी करत आणतो. त्यांना पत्ताही लागणार नाही."

आता सांगा, ह्या माणसाला मी काय म्हणावं? म्हणजे बाबांनी रोज थोडं थोडं हरत जायचं! आज दहा, उद्या आठ, परवा पाच. आणि आतल्या खोलीत एकट्याने समजायचं, की आपला हात पुन्हा जातोय. आधी खोटं बरं केलं, आता खोटं आजारी पाडणार. आणि वर सगळं प्रेमापोटी!

मी उठले. नवरा "अगं, थांब" म्हणेपर्यंत मी बाबांच्या खोलीत होते. सगळं सांगितलं. ठमीचं, मनगटाचं, आकड्यांचं. भाऊजी दारात उभे होते, लहानपणी शिट्टी ऐकून राहत असतील तसे.

बाबांनी डाव्या हाताने उजवं मनगट उचलून मांडीवर ठेवलं. मग जड जिभेने एकच शब्द. "किती?"

"काय, बाबा?"

"किती पट?"

"आठ," भाऊजी म्हणाले.

बाबांनी मान हलवली. "लांब उड्या मोजल्या मी. जन्मभर." ते थांबत थांबत बोलत होते. "पोरं रडायची. सर, बोटभर वाढवा. नाही वाढवली. का? उद्या तो पोरगा... त्या मापाच्या भरवशावर... नाला ओलांडायला जाईल." मग ठमीकडे बघितलं. तिच्या कपाळावर अजून हिरवट डाग होता. "मी गेलो की रे ओलांडायला. पोरीला घेऊन."

भाऊजी रडायला लागले. मी त्यांना गप्प केलं नाही. अजूनही मला त्याचं वाईट वाटत नाही.

"मूळचं लाव," बाबा म्हणाले.

भाऊजींनी नाक पुसत पुसत मूळचं लावलं. बाबांनी रिमोट धरला. चेंडू खाचेत. पुन्हा खाचेत. मी पडद्याकडे बघत होते, तर बाबांनी मला दटावलं, "इकडे बघ. हात कुठवर आला?"

"कमरेपर्यंत."

"खरं सांग."

"कमरेच्याही खाली, बाबा."

त्यांनी डाव्या हाताने शिट्टी ओठांना लावली आणि फुंकली. बारीक, चिरकी. "फाउल," म्हणाले, आणि पुन्हा हात मागे नेला.

मॅडम परत यायला लागल्या आहेत. "मी सांगितलं होतं" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, ते मला जास्त लागलं. हात येईल, म्हणाल्या. पण सोन्याचे महिने गेले, त्यामुळे किती येईल ते आता सांगता येत नाही. ठमीला उचलण्याइतका येईल का, हे बाबांनी विचारलं नाही. मीच विचारलं. त्या म्हणाल्या, "बघू या." हात सध्या छातीच्या खालीच अडकतो. ठमी समोर उभी राहून आपले दोन्ही हात वर करून दाखवते, असं असं, आब्बा.

आणि नातेवाईक? ते म्हणतात, धाकट्याने बापासाठी केवढं डोकं लढवलं, आणि हिने म्हाताऱ्या माणसाचा आनंद हिरावून घेतला. घ्या! एकाने माप खोटं केलं तो गुणी, आणि ते बोलून दाखवलं ती वाईट.

म्हणू देत. माझं तुम्हाला एकच सांगणं आहे. तुमच्याही घरी कुणीतरी असेल. आतल्या खोलीत, पडद्यासमोर, आणि विचारलं की सगळे म्हणतात, छान चाललंय. हे वाचून झालं की उठा आणि त्यांच्याकडे जा. पडद्याकडे पाठ करून त्यांच्या समोर उभे राहा, आणि म्हणा, हात वर करा बघू. किती गुण झाले ते विचारू नका. खांद्याकडे बघा.