माझ्या तोंडाला बसणारे पाते

मित्रांनो, ज्या दिवशी माझी पेटी पहिल्यांदा उघडली गेली, त्या दिवशी तिच्यात अकरा वस्तू होत्या. एक मी. बोल्ट कसायची एक एलन की. लाकूड कापणारी तीन पाती, लोखंड कापणारे एक, फरश्यांच्या सांध्यातले सिमेंट खरवडणारे एक अर्धगोल आणि जुना रंग काढणारे एक बोथट. त्रिकोणी काचपेपरांची एक चवड, ते चिकटवायची एक गादी आणि माहितीची एक पुस्तिका. पुस्तिका सोडून सगळ्या वस्तू वापरल्या गेल्या.

मी एक जुना मल्टिटूल आहे. मुठीत मावणारे अंग, मागे विजेची तार, पुढे वाकवलेले नाक. माझे काम थरथरण्याचे. ड्रिल गरगर फिरते, करवत पुढेमागे धावते. मी जागच्या जागी डावीउजवीकडे हलतो, तेही जेमतेम तीन अंश. पण हे मी मिनिटाला वीस हजार वेळा करतो. बघणाऱ्याला पाते थांबलेले दिसते आणि लाकूड मात्र कापले जात असते. कोपऱ्यात, भिंतीला चिकटून, जमिनीला टेकून, जिथे दुसरे कोणतेही हत्यार पोचत नाही तिथे मी पोचतो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. माझे अंगच तसे घडवले आहे.

नाकाच्या टोकाला माझे तोंड आहे. ते रुपयाएवढे, सपाट आणि वाटोळे. मधोमध बोल्टाचे भोक आणि त्याभोवती गोलात सारख्या अंतरावर आठ बारीक पिना. माझ्या पात्यालाही नेमक्या त्याच जागी आठ भोके असतात. पिना भोकांत शिरतात, वरून बोल्ट कसला जातो आणि पाते माझ्याबरोबर हलू लागते. बोल्ट पाते दाबून धरतो, पण त्याला ओढून नेतात त्या पिनाच. हे लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे यावरच आहे.

मला विकत घेतले मनोहररावांनी. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांना घरी बसवेना. नागपुरात धरमपेठेतल्या एका गल्लीत त्यांचे बैठे घर आहे. चौकटी सागवानी, दारे जड. पहिल्याच आठवड्यात मी त्यातल्या दोन दारांचे घासणारे तळ कापले. मग शेजाऱ्यांची बोलावणी येऊ लागली. कोणाच्या प्लायवूडमध्ये स्विचबोर्डासाठी चौकोन पाडायचा, कोणाच्या बाथरूममधला काळा पडलेला सांधा काढायचा. मनोहरराव मला काखेत मारून निघायचे, तेव्हा त्यांच्या पत्नी इंदुताई दारातून म्हणायच्या, "निघाले डॉक्टर व्हिजिटले!"

ती वर्षे फार चांगली गेली. पण पाती झिजतात, मित्रांनो. माझी एकेक करून बोथट झाली. दरम्यान माझ्या कंपनीने नव्या यंत्रांना नवे तोंड दिले: ताऱ्याच्या आकाराचे, आत खोलगट. दुकानांत त्याच तऱ्हेची पाती दिसू लागली. मनोहररावांनी दोन-तीन ठिकाणी विचारले आणि नाद सोडला. मला माळ्यावर ठेवले. माझी मोटर ठणठणीत होती, तार शाबूत होती. फक्त तोंडाला पाते नव्हते, म्हणून मी निकामी ठरलो.

वर्षातून एकदा मात्र मी खाली यायचो. खंडेनवमीला या घरात सगळ्या हत्यारांची पूजा होते. हातोडी, पक्कड, शिलाई मशीनची कात्री आणि मी, असे पाटावर मांडले जायचो. इंदुताई माझ्या तोंडाला ओले हळदकुंकू लावायच्या. या घराची आणखी एक रीत होती: नवी आणलेली वस्तू देवापुढे ठेवल्याशिवाय फोडायची नाही, आणि एकदा पूजेत ठेवली की दुकानात परत करायची नाही.

यंदा नवरात्राच्या आधी इंदुताई अंगणात पडल्या. खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले आणि त्या वॉकर घेऊन घरी आल्या. डॉक्टरांनी सांगितले होते की चालायचे, पण वॉकर उचलायचा नाही. जमिनीवरून सरकवत न्यायचा. आणि त्यांच्या खोलीच्या दाराला होता लाकडी उंबरठा, चांगला अडीच इंच उंच. बाथरूम त्याच्या पलीकडे. दर वेळी कोणीतरी वॉकर उचलून पलीकडे ठेवायचा, कोणीतरी दंडाला धरायचे.

इंदुताईंनी यावर कोणाला न सांगता एक उपाय काढला. त्यांनी पाणी पिणे सोडले. तहान लागली तरी नुसते ओठ ओले करायच्या. ऑक्टोबरातला नागपूरचा उकाडा, आणि त्या दिवसभरात दोन पेल्यांवर भागवू लागल्या. तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी जीभ पाहिली आणि ते रागावले, "असं चाललं तर पुन्हा भरती करावं लागेल."

"पाणी काहून नाही पीत वं तू?" मनोहररावांनी विचारले.

"पिते न जी."

"मले दिसते न."

इंदुताईंनी पेला बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "दर खेपेले तुमाले नाही तर पोरीले उठवू का? लाज वाटते मले."

त्याच दुपारी मनोहरराव इतवारीच्या बाजारात गेले आणि पात्यांचे नवे पाकीट घेऊन आले. उंबरठा जमिनीलगत कापायचा होता, आणि ते काम या घरात फक्त मीच करू शकत होतो. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. बंद पाकीट माझ्याशेजारी पाटावर मांडले गेले. त्याच्यावर हळदकुंकू, फूल, अक्षता पडल्या. मी खरे सांगतो, इतक्या वर्षांनी शेजारी पाते पाहून मला फार बरे वाटले.

दसऱ्याला सकाळी पूजा उतरवून मनोहररावांनी पाकीट फोडले. पाते माझ्या तोंडावर ठेवले आणि ते टेकलेच नाही. मध्ये खोलगट वाटी, कडेला ताऱ्याचे कोपरे. माझ्या आठ पिनांना त्यात भोके कुठेच सापडेनात.

"हे काय होय? फिट बसूनच नाही राहिलं."

"मशीन संग नेली होती का जी?" इंदुताईंनी पलंगावरून विचारले.

"दुकानदार म्हणे, काका, सब में लगता है."

"सब में लागते, आपल्याच में नाही लागत!"

हसणे तेवढ्यापुरते झाले. पाकीट आता परत करता येत नव्हते. पूजेत बसले होते. आणि संध्याकाळी घर माणसांनी भरले. गल्लीतले सगळे सोने द्यायला आले. जो तो खोलीत जाऊन इंदुताईंच्या हातात आपट्याची पाने ठेवी, वाकून नमस्कार करी, खुर्ची ओढून बसे. इंदुताई सगळ्यांशी हसून बोलत होत्या. इतक्या लोकांदेखत उंबरठ्यावरून धरून नेणे त्यांना मान्य नव्हते, म्हणून दुपारनंतर त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. बोलताना त्यांची जीभ टाळूला चिकटत होती.

पाहुणे गेले. मनोहरराव मला घेऊन ओसरीत बसले आणि त्यांनी कानस काढली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात कठीण प्रसंग तो.

त्यांची मुलगी वेदिका भांडी आवरून बाहेर आली. ती रसायनशास्त्र शिकली आहे आणि औषधांच्या एका कारखान्यात तपासणीचे काम करते.

"बाबा, काय करून राहिले?"

"पिनाच घासून टाकतो. तोंड सपाट झालं की कोणतंबी ब्लेड बसते. बोल्ट गच्च कसतो."

"मग ब्लेडले धरून कोण ठेवन? एकटा बोल्ट? अहो, हा मिनिटाले वीस हजार वेळा हलते. सटकलं तर पहिले तुमचा अंगठा जाईन."

"जाऊ दे!" मनोहररावांचा आवाज चढला. "तुही आई तिकडे सुकून चालली. दुपारपासून तिनं पाण्याले हात नाही लावला. मी काय नुसता पाहत बसू?"

वेदिकाने कानस त्यांच्या हातातून हळूच घेतली आणि मला दिव्याखाली धरले. माझ्या तोंडावर पूजेचे कुंकू वाळले होते. तिने त्यावर पाण्याचे बोट फिरवले, एक पांढरा कागद घेतला आणि माझ्या तोंडावर दाबला. कागद उचलला तर त्यावर आठ लाल ठिपके उमटले होते, मध्ये बोल्टाच्या भोकाचे कोरे वर्तुळ.

"ठसा उलटा आला नाही का?" मनोहररावांनी वाकून विचारले.

"उलटाच येते. पण पिना गोलात सारख्या अंतरावर आहेत, मग उलटा काय न सुलटा काय."

तिने मापकाने समोरासमोरच्या पिनांमधले अंतर मोजले, एका पिनेची जाडी मोजली आणि ठशाच्या कडेला लिहून ठेवली. मग फ्रिजवरचे चुंबक काढून उंबरठ्यावरून फिरवले. दोन्ही टोकांना ते चिकटले. तिथे आत खिळे होते. नुसते लाकडाचे पाते तिथे दात गमावून बसले असते.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच बापलेक तिथे हजर होते. मलाही पिशवीत घेतले होते. पण पाकिटे प्लॅस्टिकने बंद, आणि फोडून पाहायची दुकानात मनाई. बंद पाकिटातल्या पात्याला मी तोंड लावणार कसे? वेदिकाने पाकिटाच्या मागे तो कागद धरला. पाकीट पारदर्शक होते. पात्याच्या भोकांतून मागचे लाल ठिपके दिसले पाहिजेत, एवढीच परीक्षा.

पहिल्या पात्याला सहा भोके होती. ठिपके झाकले गेले. दुसऱ्यावर "सर्व यंत्रांसाठी" असे छापले होते आणि भोकांऐवजी लांबट खाचा होत्या. सहा ठिपके दिसले, दोन दडले. तिसऱ्याची भोके इतकी मोठी होती की वेदिकाने माप पाहून मान हलवली. त्यात माझ्या पिना सैल पडल्या असत्या आणि पाते डुगडुगले असते.

दुकानदार हे सगळे गालावर हात ठेवून पाहत होता. "क्या ताई, कुंडली मिला रहे क्या?"

"हो न भैया. छत्तीस गुण नको, आठ जुळले की झालं."

त्याला हसू फुटले आणि शिडी लावून त्याने वरच्या फळीवरची धुळकट पाकिटे खाली काढली. चौथ्या पाकिटातून आठही ठिपके एकदम दिसले, लालचुटुक. त्याच पाकिटाच्या पाठीवर लाकूड आणि खिळे दोन्हींची चित्रे होती. मनोहररावांनी पिशवीतून मला वर काढून ते पाकीट नुसते दाखवले. मला ते फार आवडले.

घरी इंदुताईंनी बंद पाकिटाकडे पाहिले. रीत रीतच होती. पण पाकीट हातात फिरवून त्या म्हणाल्या, "देवाले तुमी दुकानातच दाखवलं असं समजा. फोडा."

पाते चढले. आठ पिना आठ भोकांत शिरल्या आणि बोल्ट कसला. मनोहररावांनी पात्याला हाताने हिसडा दिला. ते हलले नाही. मग त्यांनी जमिनीवर ओले फडके अंथरले, चष्मा लावला आणि कळ दाबली.

इतकी वर्षे माळ्यावर पडलेला मी पहिल्याच क्षणी पूर्वीसारखा थरथरलो. उंबरठ्याचे सागवान जुने आणि घट्ट होते. मनोहररावांनी मला दाबले नाही. दाबले तर पाते तापते, लाकूड जळते आणि काम मंदावते. मला माझ्या चालीने जाऊ दिले. चौकटीच्या कोपऱ्याजवळ आवाज बदलला, कर्कश झाला. खिळा लागला होता. वेदिकाने हात वर केला, मनोहररावांनी वेग कमी केला. थोड्या वेळाने आवाज पुन्हा पूर्ववत झाला. खिळा दोन तुकडे होऊन मागे राहिला होता. दुसऱ्या टोकाचाही तसाच गेला. जेवणवेळेपर्यंत उंबरठा चौकटीतून सुटून बाजूला आला. मग मला गादी लावून उरलेली कड काचपेपराने घासली.

इंदुताई पलंगावरून उठल्या. वेदिका पुढे झाली, तसे त्या म्हणाल्या, "सरक वं तू. मधात उभी नको राहू."

वॉकर सरकत दारापर्यंत आला. चाके दारातून गेली. त्या बाथरूमपर्यंत एकट्या गेल्या, दार लावले आणि आतून कडी घातली. कडीचा आवाज झाला, तेव्हा मनोहरराव जमिनीवरचा भुसा गोळा करत होते. त्यांचे हात थांबले.

"आतून कडी काहून लावली वं?" त्यांनी ओरडून विचारले.

"काहून म्हणजे? आता संग कोणी लागत नाही मले!"

ताऱ्याच्या तोंडाची ती पाती वाया गेली नाहीत. इंदुताईंच्या मते पूजेतली वस्तू परत करायची नसते, पण कामाच्या माणसाला द्यायला हरकत नसते. शेजारी नव्या मशीनवर काम करणाऱ्या सौरवला ती दिली. त्याच्या मशीनला ती पहिल्या झटक्यात बसली.

मित्रांनो, मी आता माळ्यावर नाही, स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंटीवर असतो. तुम्ही कधी माझ्यासारख्याला घ्यायला गेलात, तर आधी त्याच्या पात्यांची चौकशी करा. तोंड कसे आहे, पिना किती, त्या तोंडाची पाती आजूबाजूच्या दुकानांत मिळतात का, हे पाहा. पाते घ्यायला जाल तेव्हा यंत्र बरोबर न्या. सगळ्यांना बसते असे कोणी सांगितले, तरी आपल्या यंत्राला बसते का, ते स्वतः पाहा. आणि बसत नाही म्हणून तोंडावर कानस चालवू नका. नीट शोधले, तर जुळणारे पाते सापडते. पिना शाबूत असल्या की माझ्यासारखा जुना मल्टिटूलही अजून पुष्कळ वर्षे काम करतो.

उंबरठा होता त्या जागी आता लाकडाची उंची एक मिलिमीटर आहे. त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत इंदुताई, वेदिकाने मोजले तसे, दोन लिटर शंभर मिलिलिटर पाणी प्यायल्या.