थोरलीला पाणी नको

शेवटच्या त्या रविवारी आमचं वाजलं ते मुळांच्या संख्येवरून.

"सतरा," लमदुआन मावशी म्हणाली.

"सोळा. ते सतरावं मूळ नाही, नुसती गाठ आहे."

"गाठ तुझ्या चष्म्यात आहे, पिम. बँकॉकला बसून लोकांच्या पुस्तकांची प्रुफं वाचतेस ना, तुला सगळीकडे चुकाच दिसायला लागल्यात."

आमच्या दोघींच्या मधे, ट्रकच्या जुन्या टायरवर, थोरली उघडीबोडकी बसली होती. थोरली म्हणजे बागेतलं सगळ्यात जुनं अडेनियम. मावशी या घरात आली तेव्हा आटीव दुधाच्या डब्यात बोटभर रोप घेऊन आली होती, तेच हे. एकतीस वर्षांत त्याचा बुंधा हत्तीच्या पिल्लाच्या डोक्याएवढा झाला होता आणि मुळं अशी पसरली होती, की एखादी लठ्ठ बाई पाय पसरून ऐसपैस बसली आहे असं वाटावं. दर तीन वर्षांनी, मार्च संपता संपता, तिला कुंडीतून उचलायचं, माती धुऊन काढायची, खालची केसाळ मुळं कापायची, कापल्या जागी विड्याच्या पानाला लावायचा लाल चुना थापायचा आणि पंधरा दिवस सावलीत कोरडी ठेवायची. कुंडीत परत बसवताना आधीपेक्षा दोन बोटं वर. अशी दोन दोन बोटं करत तिचे जाड पाय मातीबाहेर आले होते. फांद्याही एका उंचीवर छाटायच्या. छाटलेल्या टोकाला दोन-तीन कोंब फुटतात आणि प्रत्येक कोंबाच्या शेंड्याला गुलाबी फुलांचा घोस येतो. कापलं नाही तर ती नीट फुलत नाही, आणि ताज्या जखमेला पाणी लागलं तर कुजते. मावशीचं सगळं शास्त्र एवढ्यात संपायचं.

उचलायला शेजारच्या प्रुअंगकाकांची साखळीची कप्पी लागायची. काकांचं अडेनियम विहाराच्या प्रदर्शनात गेली सहा वर्षं थोरलीच्या मागे दुसरं येत होतं.

"तरी कप्पी देतो," काका म्हणाले. "माझं मन केवढं मोठं आहे बघा. दुसरा कुणी असता तर साखळी मधेच सोडली असती."

"सोडा की," मावशी म्हणाली. "तुमच्या पायावर पडेल, पायाला मुळं फुटतील. निदान तुमचा तरी पहिला नंबर येईल."

मग तिने सुरी माझ्यापुढे धरली. "या वेळी तू काप."

"नको, मावशी. पुढच्या वेळी."

"पुढच्या वेळी मी बहात्तरची असेन."

"तेव्हा तुझे हात थरथरतील. मग मला कापावंच लागेल."

"आळशी कुठली!" ती हसली आणि स्वतःच कापायला बसली. हातमोजे ती कधी घालायची नाही. पांढरा चीक बोटांवर वाळला की तो सोलत गप्पा मारायची तिला फार हौस. दुपारी आम्ही जाईची फुलं घातलेल्या थंडगार पाण्यातला भात खाल्ला. माझ्या वाट्याचे कोळंबीचे गोळेही तिनेच संपवले आणि वर म्हणाली, शहरातल्या लोकांना भूकच नसते.

सोमवारी सकाळी बाजाराला निघताना चपला घालायला ती पायरीवर बसली, ती उठली नाही. मी आत चहाचं पाणी ठेवत होते.

मी अकरा वर्षांची असताना वडिलांनी तिला घरी आणलं. माझी आई जाऊन वर्ष झालं होतं. "हिला मावशी म्हण," वडील म्हणाले, आणि मी म्हणत राहिले. वडील गेले, माझी बेचाळिशी आली, तरी मावशीच. बाजारातल्या तिच्या गाळ्यावर एखादं गिऱ्हाईक म्हणायचं, "मुलगी अगदी तुमच्यावर गेलीय हो." ती जराही न अडखळता म्हणायची, "गेलीय ना. दोघींचे पाय बघा, बदकाचे." त्या पेचातून ती मला सोडवायची आणि मी सुटून जायचे. तो दुसरा शब्द निदान वीस वर्षं माझ्या तोंडात तयार होता. पण इतका उशीर झाला होता, की तो उच्चारला असता तर तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

विहारात पाच दिवस पाठ चालले. अंत्यविधीला येणाऱ्यांच्या हातात द्यायला पुस्तिका हवी, आणि तिच्यात काहीतरी उपयोगाचं असावं लागतं. कुणी धर्मवचनं छापतं, कुणी आमट्यांच्या कृती. मी अडेनियमची निगा छापली. आठ पानं, मावशीच्याच शब्दांत, फक्त शिव्या गाळून. पाचव्या पानावर ठळक अक्षरांत घातलं: मुळं कापल्यावर पंधरा दिवस पाण्याचा थेंबही नको. प्रुफं स्वतः तपासली. शेवटी, पुस्तिका कुणी काढली आणि त्याचं गेलेल्या व्यक्तीशी नातं काय, ते लिहायची जागा होती. तिथे मी बराच वेळ पेन धरून बसले आणि 'घरची मंडळी' असं लिहिलं. पुस्तिका सगळ्यांनी घेतल्या. उकाडा फार होता. सगळ्यांनी त्यांचाच वारा घेतला.

त्याआधी, दुसऱ्या दिवशी, मी मावशीचा फोटो न्यायला घरी आले होते. परसात मावशीशेजारी बाजारात बसणाऱ्या सगियमकाकू आणि आणखी तिघीजणी चिखलात उभ्या होत्या. प्रुअंगकाका विहारात असताना त्यांची कप्पी आणून त्यांनी थोरलीला कुंडीत बसवलं होतं, वरून माती दाबली होती आणि काकूंनी नळी सोडली होती.

"बिचारी उघडीवाघडी पडली होती गं," काकू म्हणाल्या. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते. "लमदुआन नाही म्हणून काय झालं? आम्ही आहोत ना. रोज सकाळ-संध्याकाळ घालू पाणी."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मला वाटलं, मी कोण सांगणारी? झाड मावशीचं, आणि या तिच्या तीस वर्षांच्या मैत्रिणी. मी फोटो घेतला आणि परत गेले.

सहाव्या दिवशी घरी आले तर परसात आंबूस वास होता. थोरलीच्या पायाला अंगठा लावला, अंगठा आत गेला.

प्रुअंगकाका कप्पी घेऊन धावत आले. बघून मटकन खाली बसले.

"थोरली गेली तर तुमचा पहिला नंबर पक्का," मी म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून.

"चुलीत घाल तो नंबर. साखळी धर."

तिला टायरवर घेतलं. काकांनी सुरी आगीवर धरून माझ्या हातात दिली. नको म्हणायला समोर मावशी नव्हती. पहिलं मूळ मी चिमूटभर कापलं, आत तपकिरी. आणखी कापलं, तरी तपकिरी.

"काय केक कापतेस का?" काका ओरडले. "पांढरं दिसेपर्यंत जा!"

"काका, सगळीच संपेल ती."

"लमदुआन असती तर आत्तापर्यंत तुझ्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. काप."

मी कापलं. तीन जाड पाय मुळापासून गेले. शेवटी सुरीखाली ओल्या खोबऱ्यासारखं पांढरंशुभ्र लागलं आणि चीक टपकला, तेव्हा काकांनी टाळी वाजवली. मी ज्याला गाठ म्हणत होते ते मूळच निघालं, आणि तेच सगळ्यात निरोगी होतं. सतरा तर सतरा. मावशी वर असेल तिथे किती दिवस ऐकवत बसेल, या विचाराने मला हसू आलं. सहा दिवसांत पहिल्यांदा.

चुना थापला. काकांनी घरून टेबलफॅन आणून लावला.

"आता पंधरा दिवस," ते म्हणाले. "पाणी नाही, दव नाही. रडायचं झालं तर लांब जाऊन रड."

मग आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं. आठ दिवसांवर नववर्षाचा सण, सोंगक्रान होता. वर्षाचे ते तीन दिवस अख्खं गाव एकमेकांवर पाणी ओतत असतं. कुणी कोरडं दिसलं तर लोकांना अपमान वाटतो.

"प्लॅस्टिक गुंडाळू?" मी विचारलं.

"आत वाफ धरेल, दोन दिवसांत लोणचं. आणि आता हिला उचलायची नाही. चुना निघाला तर परत जखम उघडेल."

मी रजा वाढवली. सगियमकाकूंना खरं सांगवेना; आता पाण्याचं मी बघते, एवढंच म्हणाले. सकाळी उठले की आधी पंख्याची दिशा बघायची, मग थोरलीच्या पायांवर बोट टेकवून बघायचं. चौथ्या दिवशी कापलेल्या जागा आक्रसल्या. सहाव्या दिवशी टणक झाल्या. सातव्या दिवशी एका छाटलेल्या फांदीच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढं हिरवं काहीतरी दिसलं. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि कुंपणावरून हाक मारली. काका बनियनवरच आले. दोघं गुडघ्यावर बसून एका दाण्याकडे बघत राहिलो.

"आला," काका म्हणाले. "श्रावणात प्रदर्शन आहे. तोवर घोस येतील. म्हणजे मी परत दुसरा."

"तीन पाय कमी आहेत तिचे."

"म्हणून तर आता ती जरा बाईसारखी दिसतेय. आधी खेकडा होता." आणि इतके खूश होऊन हसले की त्यांना ठसका लागला.

सोंगक्रानच्या सकाळी मी विहारात गेले. मावशीच्या अस्थींच्या छोट्या कलशावर सुवासिक पाणी घालायचं, वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायची, आशीर्वाद मागायचा. आजूबाजूला सगळे आपापल्या माणसांशी मोठ्याने बोलत होते. कुणी मुलाची नोकरी सांगत होतं, कुणी म्हशीचं दुखणं. मी वाटी कलशावर तिरकी केली. ओठ हलले, आवाज आला नाही. मागे रांग होती. मी बाजूला झाले.

घरी आले तोवर रस्त्यावर ढोल सुरू झाला होता. मी परसाच्या तोंडाशी दोरी बांधली आणि सुवाच्य अक्षरांत पाटी लावली: कृपया येथे पाणी टाकू नये. थोड्याच वेळात पिंपं भरलेली गाडी दारात थांबली आणि आळीतली वीस-पंचवीस माणसं हसत खिदळत उतरली. दोन बादल्या माझ्या डोक्यावर ओतून झाल्या, गालांना पांढरी माती फासून झाली. मीही हसत होते. मग गर्दीतून सगियमकाकू पुढे आल्या. नवं फुलाफुलांचं पोलकं, हातात चांदीचं भांडं, पाण्यावर जाईची फुलं. त्या दोरीखालून वाकून सरळ आत गेल्या.

"काकू, पाटी..."

"चष्मा कुठाय माझा? बाजूला हो गं. दर वर्षी मी लमदुआनच्या हातांवर पाणी घालते. या वर्षी ते हात कुठून आणू? थोरलीच्या पायांवर घालते."

त्यांच्यामागे बायका आपापली भांडी घेऊन दोरीखालून येऊ लागल्या. कुणीही थट्टा करत नव्हतं. ढोलवालाही थांबला. प्रुअंगकाका कुंपणापलीकडून हातवारे करत होते, पण तेही पाटलोण सांभाळत, चिंब भिजलेले, आणि त्यांचा आवाज पोचत नव्हता. टायरभोवती अकरा भांडी जमली. एकेकात ओंजळभर पाणी, आणि प्रत्येकीच्या मनात मावशीबद्दल इतकी माया, की तेवढ्या मायेत थोरली संध्याकाळपर्यंत नक्की कुजली असती.

"काकू, नको," मी म्हणाले. ते मलाच नीट ऐकू आलं नाही.

"अगं, एवढंसं तर आहे." भांडं तिरकं झालं. एक फूल काठाशी येऊन थांबलं.

"नको म्हणतेय ना मी!"

मी मधे उभी होते, हात पसरून, आणि अंगावरचं पाणी थोरलीवर ठिबकू नये म्हणून पुढे वाकलेली. मी अशी ओरडलेली या आळीत कुणी कधी ऐकली नव्हती. काकूंचं भांडं हातातच राहिलं. त्या चिडल्या नाहीत. त्यांना नुसतं लागलं.

"तीस वर्षं मी तिच्यासोबत बाजारात बसलेय, पिम," त्या म्हणाल्या. "मला अडवणारी तू तिची कोण?"

"मुलगी," मी म्हणाले. मग आणखी मोठ्याने, गाडीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "मी तिची मुलगी आहे, काकू. हे माझ्या आईचं झाड आहे, आणि माझ्या आईने बजावून ठेवलंय, एक थेंबही पाणी नको!"