उलटं बसवलेलं चाक

साहेब, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. आडून सांगायची मला सवय नाही आणि आता नोकरीही उरलेली नाही, तेव्हा सरळच सांगतो. तुम्ही माझं तोंड बंद केलंत, आणि तेही मीच केलेल्या गाडीने.

परवा ताईला घेऊन वर्कशॉपातल्या तुमच्या नव्या स्मृतिदालनात आलो होतो. दारातच काचेची पेटी, आत सहाचाकी लष्करी ट्रक, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचा. खाली पितळी पट्टी: ‘वर्कशॉपच्या कामगारांकडून सप्रेम’. ताईने चष्मा पदराने पुसला आणि वाकून पाहिलं.

"धाकट्या, ही आपलीच ना?"

"आपलीच."

"मग सरळ कशी उभी आहे?"

हे पत्र वाचणाऱ्या इतरांना हा प्रश्न कळणार नाही. तुम्हाला कळतो.

त्या वर्कशॉपात मी एकतीस वर्षं पाटे बसवले. चाक आणि बॉडी यांच्यामध्ये एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या असतात, ते पाटे. सगळा भार ते पेलतात. ताईचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, तिथेच ड्रायव्हर होते. त्यांच्या ट्रकच्या मागच्या डाव्या पाट्याला तडा गेलेला मी पाहिला आणि वहीत लिहिलं, ‘गाडी बाहेर काढू नये’. दुसऱ्या दिवशी मोठे पाहुणे येणार होते. ताफ्यात सहा गाड्या दिसायला हव्या होत्या, पाच चालणार नव्हत्या. तुम्ही गाडी काढायला लावलीत. उताराच्या वळणावर पाटा तुटला, गाडी डावीकडे बसली आणि उलटली. भाऊजी स्टिअरिंगखालीच राहिले.

चौकशी लागली. मी साक्ष द्यायला निघालो, तर तुम्ही केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिलीत, चहा मागवलात.

"तू बोलायला लागलास की तापतोस," तुम्ही म्हणालात. "वही सापडत नाहीये. नुसत्या तुझ्या तोंडच्या शब्दावर चौकशीवाले तुला दोन प्रश्नांत गुंडाळतील. तू ती छोटी मॉडेलं करतोस ना? पाटा कसा तुटला, गाडी कशी बसली, ते करून दे. मी स्वतः त्यांच्या टेबलावर ठेवतो. गाडीच साक्ष देईल."

मी मूर्ख. मला वाटलं, माझ्या हातांची किंमत कळलेला एक तरी माणूस वरच्या मजल्यावर बसतो.

तीन महिने लागले. चौकशीची मुदत तुम्हीच वाढवून आणलीत, त्याचंही मला कौतुक वाटलं होतं. पाट्यांसाठी पत्र्याच्या केसाएवढ्या पातळ पट्ट्या कापल्या, सात-सात, प्रत्येक खालची वरचीपेक्षा आखूड. मागच्या डाव्या पाट्याची सर्वांत वरची पट्टी खरी तडकली होती तिथेच तोडली. प्रत्येक चाकाला आठ नट, सुईने उचलून चिकटवलेले. चाक दातकोरणीवर खोचायचं, ब्रश स्थिर धरायचा आणि चाक फिरवायचं, म्हणजे टायर आणि रिम यांच्यामधली कड स्वच्छ येते. ताई शेजारी बसायची. एकदा म्हणाली, "टायर एवढा काळा नसतो रे."

"टायर काळाच असतो, ताई."

"तू गाडीखाली असायचास, मी कपडे धुवायची. त्यांच्या पँटवर जो डाग असायचा तो राखाडी, थोडा मातकट. घासून हात दुखायचे, मला विचार."

मी काळ्यात राखाडी घातला, तपकिरीचा एक थेंब घातला. ती म्हणाली, "अजून थोडा." मग म्हणाली, "हां, हा." आणि उठून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

गाडी काचेवर ठेवून तपासतात. चाकाखालून कागदाची पट्टी सरकवायची. सरकली, तर चाक अधांतरी. माझी सहाही चाकं टेकली होती, पण बॉडी डावीकडे बसलेली. उजवीकडे टायर आणि मडगार्ड यांच्यामधून पेन्सिल जायची, डावीकडे कागदही जात नव्हता. आंधळ्याने बोट फिरवलं असतं तरी कळलं असतं, की ही गाडी वेगाने नाही, पाट्याने मारली.

खोक्यात कापूस भरला, चारी बाजूंनी सुतळी बांधली, वर्कशॉपची गाठ मारली आणि खोकं तुमच्या हातात दिलं.

निकाल आला: चालकाने वळण वेगात घेतलं. दालनातल्या भिंतीवर कर्तव्यावर असताना गेलेल्यांची नावं आहेत, त्यांत भाऊजी नाहीत. तुम्ही मला म्हणालात, "पाहिली त्यांनी, हातात घेऊन पाहिली. पण मत त्यांचं."

हेच मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "एवढं डोळ्यांनी पाहूनही म्हणत असतील, तर खरंच असेल."

त्या दिवसापासून ती भाऊजींच्या फोटोशी भांडायला लागली. फोटो पुसता पुसता विचारायची, "एवढी घाई कसली होती हो तुम्हाला?" दोन वर्षं. मी शेजारच्या खोलीतून ऐकायचो.

तर परवा. ताईचा प्रश्न ऐकून मीही वाकलो. गाडी दिमाखात ताठ उभी. मागचं डावं चाक बघितलं. चाक उलटं होतं. माझे आठ नट आतल्या बाजूला, सपाट पाठ बाहेर. चाक काढून, बॉडी वर उचलायला पाट्यावर आगपेटीच्या काडीचा तुकडा कोंबून वरून रंग फासलेला.

पहारेकरी जुना, मला ओळखणारा. हसत आला.

"काय पाटेवाले, तुमची गाडी मानाच्या जागी बसवली की."

"ही सरळ कोणी केली?"

"रंगाऱ्याने. वाकडी निघाली ना खोक्यातून. साहेब म्हणाले, कलंडलेली गाडी दारात कशी ठेवायची, नीट करून घे."

"खोकं कुठे होतं?"

"साहेबांच्या कपाटात, खालच्या खणात. मीच काढलं गेल्या महिन्यात. आणि गाठ कसली मारता हो तुम्ही? सुटता सुटेना, धूळ बसून दगड झालेली. शेवटी कात्रीने कापली."

त्याला वाटलं, तो माझी तारीफ करतोय.

ताईने काचेवर हात ठेवला होता. "म्हणजे त्यांनी पाहिलीच नाही?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"मग मी दोन वर्षं यांना काय काय बोलले," ती म्हणाली. रडली नाही. हात काढला तेव्हा काचेवर पंजा उमटला होता. पहारेकरी फडकं घेऊन पुढे झाला, आणि तिच्या तोंडाकडे बघून तसाच थांबला.

घरी आल्यावर तिने फोटो पुसला. काहीही विचारलं नाही. ते गप्प पुसणं मी पाहिलंय, म्हणून हे लिहितोय.

साहेब, नाव भिंतीवर कधी लावताय ते नंतर बघू. चिठ्ठी पाठवू नका, माणूस पाठवू नका. स्वतः या, ताईच्या समोर बसा. तिने दोन वर्षं चुकीच्या माणसाला विचारलेला प्रश्न आता तुम्हाला आहे. सहावी गाडी ताफ्यात उभी करायची एवढी घाई कसली होती? आणि तीच घाई एक सुतळी सोडायला का नव्हती?

सांगा.