आईच्या खोलीतलं चित्र

टीव्हीवाल्याने रिमोटवरून रंगांचा भडकपणा उतरवला, दोन पावलं मागे सरकून पडद्याकडे पाहिलं आणि खांदे उडवले.

"कुठे फुटतंय चित्र? आरशासारखं स्वच्छ दिसतंय की!"

"आज दिसणारच!" मुलगा खुशीत म्हणाला. "एरवी सात वाजले, आईची मालिका लागली, की नुसते चौकोन. नटीचं नाक एकीकडे, डोळे दुसरीकडे. वरच्या शिकवणीवाल्या बाई आपलं नेट चोरतात, दुसरं काय! काल जिन्यात चारचौघांसमोर झापलं. बघा, एका दिवसात सुतासारख्या सरळ!"

पलंगावरून आईने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"तू बोललास त्यांना?"

"मग? एवढा मोठा टीव्ही काय चौकोन मोजायला आणला?"

टीव्हीवाला तोवर सेटिंगमध्ये शिरला होता. "वेग कमी पडला की टीव्ही आपणहून चित्राचा दर्जा उतरवतो. वायफायच्या भरवशावर राहू नका, सरळ तार टाकून घ्या. तुमच्या नेटचं नाव काय?"

मुलाने सांगितलं.

"मग हा टीव्ही 'शिकवणी' नावाच्या नेटवर कसा काय?"

मालिकेतली माणसं तेवढी भांडत राहिली.

"मीच बाईंना जोडून द्यायला सांगितलं," शेवटी आई म्हणाली. "तुझ्या खोलीतलं नेट इथवर पोचतच नव्हतं. चित्र पुसट दिसतं म्हटलं, तर तू म्हणालास, डोळे तपासून घे. तुला राग येईल म्हणून त्यांनाही म्हटलं, बोलू नका."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच! टीव्हीवाला शहाणा, त्याने मुकाट्याने पिशवी आवरायला घेतली. मुलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काल बाई फक्त "बरं, बघते मी" एवढंच म्हणाल्या होत्या, आणि त्यावर हा हसला होता, अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असा.

तो तसाच वर गेला. बेल वाजवून हात मागे घेईपर्यंत दार उघडलं.

"तुम्ही? पुन्हा अडकतंय का हो?" बाईंनी काळजीने विचारलं. त्यांच्यामागे टेबलावर लॅपटॉप मिटलेला होता. "माझा ऑनलाइन वर्ग चालू असला की खाली चित्र फुटतं, हे कालच कळलं मला. म्हणून सातचा वर्ग आजपासून पहाटे पाचला घेतला. मुलं कुरकुरली जरा, पण आली बिचारी."

"बाई, मी काल..."

"राहू द्या हो. फक्त वर्गाचं आईंना सांगू नका. टीव्ही बंद करून बसतील त्या."

होकार द्यायला त्याने मान खाली घातली. ती वर काही येईना.