आईच्या ओव्हनचा तळ

दादाने आईच्या ओव्हनचे चार फोटो मला पाठवले आणि खाली एकच ओळ लिहिली, "आता तरी पटलं का?"

पटायचं काय, तर आईला आता एकटं ठेवण्यात अर्थ नाही. महिन्यापूर्वी तिने ओव्हनमध्ये काहीतरी जाळलं, घरभर धूर झाला, शेजारच्या शिंपीणबाई धावत आल्या म्हणून निभावलं. म्हणून आता या रविवारी टेम्पो येणार, आईचा पलंग आणि एक कपाट दादाकडे जाणार आणि बाकी घराला कुलूप. "तिला विचारलंस का?" असं मी फोनवर म्हटलं तर म्हणाला, "विचारायचं काय त्यात? फोटो बघ."

फोटो बघितले. ओव्हन काळाकुट्ट होता हे खरं. पण माझं डोकं फिरलं ते त्या "तरी"ने.

आईने मात्र मला आधीच, अगदी हळू आवाजात सांगितलं होतं, "मला नाही गं जायचं." एवढंच. पुढे लगेच भाजीचा भाव.

शुक्रवारी ऑफिसातून परस्पर मी तिच्याकडे गेले. पिशवीत घासण्या, हातमोजे, सोड्याची दोन पाकिटं आणि व्हिनेगर. शनिवारी चारला दादा बांधाबांध करायला येणार होता. त्याच्या आधी ओव्हन लख्ख करायचा आणि त्याला दाखवायचा, असा माझा बेत. फार शहाणपणाचा होता असं नाही. रागात कुठे शहाणपणाचे बेत सुचतात!

स्वयंपाकघरात टेबलावर कप वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले. त्यातले दोन आईने परत उलगडून फळीवर मांडले होते.

"कशाला हात काळे करतेस, बये?" ती म्हणाली. "राहू दे आता ते."

"तू गप बस."

आधी प्लग काढला. जाळ्या ओढून काढल्या आणि बाथरूमच्या टबात कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून बुडवल्या. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याचा लेप आतल्या भिंतींना, तळाला, दाराच्या काचेला थापला. कॉइल तेवढी सोडली. हा लेप घाई करून चालत नाही, रात्रभर मुरायला लागतो. मग घरी जाऊन नवऱ्यावर विनाकारण ओरडले.

शनिवारी सकाळी खरवडायला बसले. गुडघे फरशीवर, डोकं ओव्हनमध्ये. लाकडी उलथन्याने लेप काढला की त्याच्याबरोबर तपकिरी, मेणचट थर सुटून येत होता. वीस वर्षांचं तूप, साय, साखर. हे सगळं आईचं, नाकारत नाही. तिचं मनगट मोडलं तेव्हापासून तिच्याने घासणं होत नव्हतं, आणि दर आठवड्याला येऊन चहा पिऊन जाणाऱ्या आम्हा दोघांपैकी एकानेही कधी हे दार उघडून बघितलं नव्हतं. एक ओरखडा दादाच्या नावाने, एक वहिनीच्या, आणि एक माझ्या. कारण "माझ्याकडे चल" असं मीही कुठे म्हटलं होतं?

अकराच्या सुमाराला तळ दिसायला लागला. मधोमध मात्र एक काळा, गुळगुळीत गोळा राहिला. सोड्याला दाद देईना, व्हिनेगरने नुसता फेस आला. नख लावून बघितलं तेव्हा कळलं, हे तूप नव्हे, प्लास्टिक आहे. प्लास्टिक थंड केलं की कडक होऊन तडकतं. फ्रीजमधला बर्फ रुमालात बांधून त्यावर ठेवला, दहा मिनिटांनी उलथन्याची कड खाली घालून टिचकी मारली. सबंध तुकडा टणकन उडून माझ्या मांडीवर पडला.

पालथा करून बघितला. डबा होता, खणांचा, तयार जेवण विकत मिळतं तसला. एका कोपऱ्यात उठावाची अक्षरं शाबूत होती: "...मध्ये ठेवू नये." त्याआधीचा शब्द वितळून गेला होता.

आईने उभ्या आयुष्यात तयार जेवण विकत आणलं नाही. आणलेलं कोणी खाल्लं तरी तिचा चेहरा बघवत नाही. आणि दादाच्या घरी मायक्रोवेव्ह आहे. तिथे सगळं डब्यासकट आत जातं.

मी डोकं बाहेर काढलं. "आई, हा डबा कोणाचा?"

आई कप गुंडाळत होती. "असेल माझाच."

"आई."

"अगं, भूक लागली होती त्याला. मी शिंपीणबाईंकडे बसले होते. धूर दिसला म्हणून आम्ही दोघी धावलो, तर हा मधोमध उभा. तोंडाचा रंग उडालेला. बाई दारातून विचारतायत, काय झालं, काय झालं. मी म्हटलं, अगंबाई, मीच ठेवून विसरले वाटतं."

"आणि तो?"

"काही बोलला नाही. मला वाटलं, नंतर बोलेल."

"नंतर त्याने फोटो काढले!"

"हो," आई म्हणाली. "आत अंधार होता. मीच बॅटरी धरली."

मला ओरडायचं होतं, पण कोणावर ते ठरेना. तिने माझं मनगट धरलं. "त्याला बोलायचं नाही हां. लहानपणापासून चूक दाखवली की सहा सहा महिने तोंड फिरवतो. मला या वयात ते नको."

चारला दादा आला. हातात चिकटपट्टीची गुंडाळी. ओव्हनचं दार उघडून वाकला. "अरे वा! चकाचक! पण एकदा घासलं म्हणून काय झालं गं? पुन्हा तेच करणार ती."

तुकडा मी टेबलावर ठेवला. अक्षरं वर करून.

त्याने वाचलं. कान लाल झाले. "आई म्हणाली होती, तिनेच..."

"ती काय म्हणाली ते माहिती आहे. तू काय म्हणालास?"

"मी म्हणजे, त्या गडबडीत... मला खरंच वाटायला लागलं होतं..." मग आईकडे वळला. "तू तरी बोलायचंस ना!"

माझा हात शिवशिवला. पण आई उठली होती.

"टेम्पोवाल्याला फोन कर. नको म्हणून सांग."

"अगं, पण हे तीन जिने..."

"जिने मी चढते ना? फोन कर, बाळ."

अठ्ठावन्न वर्षांचा बाळ फोन घेऊन गॅलरीत गेला आणि दार ओढून घेतलं. मी हातमोजे काढले आणि धुऊन ठेवलेल्या जाळ्या उचलल्या. जिंकल्यासारखं वाटत होतं, ते आईने वळून बघेपर्यंत.

"झालं समाधान? नको म्हटलं होतं ना तुला?"

"मग उद्या गेली असतीस?"

"मला जायचं नव्हतं. आणि त्याला लाजवायचंही नव्हतं. तुला दोन्ही जमायला हवं होतं."

"दोन्ही कसं जमणार, आई?"

"तू शिकलेली ना गं?"

तिने जाळ्या माझ्या हातातून ओढून घेतल्या, खडाखडा आत सरकवल्या, प्लग लावला. पावाच्या चार कापांवर लोणी थापलं आणि सरळ जाळीवर मांडले. खाली ट्रे नाही, काही नाही.

"अगं, ट्रे तरी!"

"सकाळपासून उपाशी असेल तो," ती म्हणाली आणि दार धाडकन लावलं.

काच इतकी स्वच्छ होती की आतलं सगळं दिसत होतं. लोणी वितळलं, कडेला आलं, आणि एक थेंब खाली पडून चर्र झाला. मी तोंड उघडलं. आईने माझ्याकडे असं काही बघितलं की मुकाट्याने मिटलं.